एका फोनने मिटणारा गैरसमज

कुमुदताई नागवेकर पुस्तक परत करताना आधी तक्रार सांगत आणि मग पुस्तक टेबलावर ठेवत.

"ही घे केकवाली. दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा त्याच्याच अंगावर. शिकलीसवरलेली मुलगी, स्वतःचं दुकान चालवते, तिला धड चालता कसं येत नाही ते मला कोणीतरी सांगा. आमच्या पाखाडीवरून बायका भर पावसात डोक्यावर हंडे घेऊन उतरायच्या. पडल्या का कधी? आणि पडली एखादी, तर झेलायला कोण उभा होता? कंबर धरायची नि उठायचं."

झाडगावात जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची एक उतरती वाट आहे. ती त्यांची पाखाडी, आणि तिच्या तळाशी त्यांचं घर.

रत्नागिरीच्या आमच्या वाचनालयात, वरच्या खोलीत, दर बुधवारी दुपारी महिला वाचक मंडळ भरतं. मी त्याची कार्यवाह. कोणाकडे कोणतं पुस्तक आहे, पुढच्या वेळी कोण बोलणार, चहा पावडर संपत आली का, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. कुमुदताई नायिकांची नावं लक्षात ठेवत नसत. केकवाली, कुत्रेवाली, घटस्फोटवाली, लंडनवाली. हळूहळू बाकीच्या बायकाही पुस्तकं याच नावांनी मागायला लागल्या, तेव्हा मला खऱ्या नावासमोर कंसात कुमुदताईंनी ठेवलेलं नावही लिहावं लागलं. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. कुत्रेवाली अजून कोणी ना कोणी मागतंच.

मंडळ सुरू झालं ते चांगलं साहित्य वाचायला. हा शब्द जोशीबाईंचा. त्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, उच्चार स्वच्छ, मतं त्याहून स्वच्छ. कुमुदताई आल्या त्या हल्लीच्या मुली लिहितात तसल्या हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्या घेऊन. काही मराठी, काही इंग्रजीतून मराठीत आलेल्या. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा एक कॉफीचा कप.

"कुमुद, अगं रोज मिठाई खाल्ली तर दात किडतात," जोशीबाई म्हणाल्या.

"बाई, माझे दात कधीच काढून झाले. आता मऊच लागतं."

तेव्हापासून त्या दोघी शेजारी बसायला लागल्या. दोघींना एकमेकींशिवाय भांडायला कोणी मिळत नव्हतं.

कुमुदताईंच्या तक्रारी मात्र मिठाई खाणाऱ्या माणसाच्या नव्हत्या. नायकाचे घारे डोळे त्यांना मान्य नव्हते. "घाऱ्या डोळ्यांचं काय कौतुक? आमच्याकडे कुठल्याही आळीत हाक मार, चार जोड्या बाहेर येतील." नायिकेची मैत्रीण त्यांना बघवत नसे. "ही बाई हिच्या घरी बसून हिला रात्रंदिवस सल्ले देते. हिला स्वतःला घर नाही का? हिच्या गॅसवर दूध नाही?" आणि सर्वांत मोठा आक्षेप नायिकेच्या वडिलांवर. "बाप पहिल्या पानाआधीच मेलेला असतो. नाहीतर कॅनडात. लेखिकेची सोय. बाप अंथरुणात असता तर हिनं केक कधी भाजला असता?"

त्यांचे वडील अंथरुणात होते. आई लवकर गेली, भाऊ मुंबईला. नोकरी आणि वडील, वडील आणि नोकरी. लग्नाचं वय त्यात कधी सरलं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

एकदा जोशीबाईंनी विचारलंच, "एवढी नावं ठेवतेस, मग वाचतेस कशाला?"

"शेवट ठरलेला असतो म्हणून. ते दोघं एकत्र येणार, हे मला पहिल्या पानावर माहीत असतं. मग मधे काय वाटेल ते होवो, मी आरामात वाचते. शेवट ठरलेला नसलेली गोष्ट मी घरात वाचली बाई. अर्धं आयुष्य वाचली. तुमच्या त्या चांगल्या साहित्यात तेच असतं."

जोशीबाईंनी उठून सगळ्यांना चहा ओतला. एरवी ते काम माझं.

नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. ट्रंक कॉल आधी बुक करावे लागत, त्या काळात कुमुदताई लाइन जोडायच्या बोर्डावर बसत. पुढे घरोघर फोन आले, बोर्ड गेला, त्या तक्रारींच्या खिडकीवर आल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. अंगातला बोर्ड गेला नव्हता. फोन उचलला की "बोला". मी काही कळवलं की तेच मला परत म्हणून दाखवायच्या: "बुधवार, साडेतीन, वरची खोली, येताना साखर. बरोबर?" बोलणं लांबलं की "तीन मिनिटं झाली" म्हणून ठेवून द्यायच्या. हातात मोबाइल आला नाही. घरातला जुना फोन त्यांनी शेवटपर्यंत ठेवला.

एक्स्चेंजचे दोन नियम त्यांनी जन्मभर पाळले. पहिला, ऐकायचं नाही. "पण लाइन लागली का ते कळायला क्षणभर ऐकावंच लागतं," त्या म्हणत. "तेवढ्यात जे कानावर पडलं ते पडलं. राजिवड्यातल्या, मिरकरवाड्यातल्या बायका यायच्या, नवरे दुबईला, कुवेतला. तासन् तास बाकावर बसायच्या. लाइन लागली की काय बोलायच्या माहीत आहे? 'जेवलास?' तिकडून तो विचारायचा, 'जेवलीस?' दोन देशांच्या मधे समुद्र, मिनिटामिनिटाला पैसे पडतायत, आणि हे जेवलास. माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे मी माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही ऐकलं नाही. त्यामुळे पुस्तकातला जो हिरो जेवलीस का विचारत नाही, त्याला मी हिरो धरत नाही."

दुसरा नियम, मागणी आल्याशिवाय नंबर लावायचा नाही. ऑपरेटर आपणहून कोणाला फोन करत नाही. कुमुदताईंनी मला आपणहून कधी फोन केल्याचं आठवत नाही. आजारी पडल्या तरी नाही. बुधवारी जागा रिकामी दिसली की मीच करायची.

आणि त्यांची लाडकी तक्रार याच नोकरीतून आली होती. अशा कादंबऱ्यांत शेवटाकडे एक गैरसमज असतो. नायिका नायकाला दुसऱ्या बाईबरोबर पाहते, ती बाई त्याची बहीण असते, पण नायिका रडत गोव्याला निघून जाते.

"अगो, फोन कर," कुमुदताई पुस्तकाला सांगायच्या. "हातात आहे तुझ्या. दिवसभर त्यावर बोटं फिरवत असतेस, मग आजच काय झालं? आमच्या वेळी कॉल लागायला सकाळची संध्याकाळ व्हायची, तरी लोक विचारून घ्यायचे. एका फोनने मिटलं असतं. चाळीस पानं वाचली असती."

"मग कादंबरी कशी होणार?" जोशीबाई.

"न होवो. माणसं तरी सुखी होतील."

विचारे वर आले ते असेच एका बुधवारी. त्यांची पत्नी मालती आमच्या मंडळात होती, थोड्या दिवसांच्या आजारात गेली. त्यानंतर काही महिन्यांनी हा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला उंच, संकोची माणूस दारात उभा राहिला. हातात कुत्रेवाली.

"हे परत द्यायचं राहिलं. हिनं इथवर वाचलं होतं, खूण होती. मी तिथून पुढे वाचलं. पुढचं कळलं. मागचं कोणी सांगेल का?"

मी म्हटलं, "पहिल्यापासून वाचा ना. पुस्तक ठेवा हवं तेवढे दिवस."

"मागचं तिचं वाचून झालंय," विचारे म्हणाले.

कुमुदताईंनी बाजूची खुर्ची ओढली. "बसा. कुत्रा कोणाचा ते कळलंय का तुम्हाला?"

"नाही. तो एकदम घरातच होता."

"तो त्याच्या आधीच्या बायकोचा. ती ऑस्ट्रेलियाला जाताना ठेवून गेली."

"म्हणून तो शेवटी दाराशी जाऊन बसतो होय?"

"तर."

त्या दिवशी ठरलेलं पुस्तक तसंच राहिलं. कुमुदताईंनी अर्धी कादंबरी सांगितली, आवाज काढून, कुत्र्यासकट. विचारे मान खाली घालून ऐकत होते. कुत्रा पहिल्यांदा चप्पल पळवतो तिथे ते हसले, आणि हसता हसता रुमाल काढला. मंडळाच्या नावात महिला हा शब्द होता. मी सगळ्यांना विचारून घेतलं आणि त्यांना मालतीबाईंच्या कार्डावर चालू ठेवलं.

विचारे नेहमी नायकाची बाजू घेत. "तो न बोलता उभा राहिला म्हणजे नाही म्हणाला असं नव्हे," ते एकदा म्हणाले.

"मग काय म्हणाला?" कुमुदताई. "पुरुषांनी तोंड मिटून घ्यायचं आणि बायकांनी ओळखायचं. दोनशे पानं तेच चाललंय."

"काही माणसांना विचारायला वेळ लागतो."

"लागू दे. पण विचारताना प्रश्न तरी कळेल असा विचारावा."

गुहागरला त्यांची नारळ-पोफळीची वाडी होती. तिकडून आले की कुमुदताईंसाठी असोले नारळ आणायचे, आणि मंडळ संपल्यावर ते पोहोचवायला म्हणून पाखाडीने खाली उतरायचे. नारळ नसले तरी उतरायला लागले. एकदा जिन्यात, सगळ्यांच्या देखत, त्यांनी विचारलं, "कुमुदताई, जेवण झालं?"

"साडेपाच वाजता विचारतात होय?" त्या म्हणाल्या. पण जोशीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जोशीबाईंकडे.

पुढे जोशीबाईंनी आडून आडून विषय काढला. "कुमुद, केस पांढरे झाले म्हणून काय सगळं संपत नाही. आजकाल लोक करतात. कोणी काही म्हणत नाही."

"मिठाईने दात किडतात, बाई," कुमुदताई म्हणाल्या. लाजल्या होत्या. मी त्यांना तसं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या वर्षी त्यांनी एकाही नायिकेच्या पडण्याबद्दल तक्रार केली नाही.

मग विचाऱ्यांच्या छातीत दुखलं. फार गंभीर नव्हतं, पण नाशिकची मुलगी, विद्या, धावत आली. एकट्याने राहायचं नाही, कायमचं नाशिकला चला, असा तिचा हट्ट, आणि तो चुकीचा नव्हता. विचाऱ्यांनी गणपतीपर्यंत मुदत मागून घेतली. आम्हा सगळ्यांना कळत होतं ती कशासाठी.

विसर्जनानंतरच्या बुधवारी ते नेहमीसारखे कुमुदताईंबरोबर पाखाडी उतरले. पडवीत बसून चहा घेतला. काय काय बोलले ते मला माहीत नाही. पुढचं मात्र मला दोन्ही बाजूंनी कळलं. विचारे उठले, पायरीवर गेले, चपला घातल्या, आणि वळून त्यांनी विचारलं, "मग, मी जाऊ?"

आपल्याकडे निघताना कोणी जातो म्हणत नाही. जातो म्हणणं अभद्र. लहान मूल चुकून म्हणालं तरी घरातलं कोणीतरी आतून ओरडतं, येतो म्हण. कुमुदताई याबाबतीत फार कडक. पुस्तकातली नायिका भांडून "जाते मी" म्हणाली की त्या तिथेच पुस्तक मिटायच्या. हिला वळण नाही.

त्यामुळे विचाऱ्यांचं वाक्य पुरं होतं न होतं तोच त्या म्हणाल्या, "जाऊ काय म्हणता? येतो म्हणावं."

विचारे थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बरं. येतो." आणि पाखाडी चढून गेले.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारी विद्या आली. घर आवरायला आली होती. तिने मालतीबाईंचं कार्ड आणि राहिलेली पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली. तिचा राग नव्हता. उलट ती जरा ओशाळलेली होती.

"बाबा म्हणाले, इथे राहायला एकच कारण होतं. म्हणाले, मी कुमुदताईंना विचारलं, जाऊ का म्हणून. त्या म्हणाल्या, येतो म्हणा. म्हणजे जाच ना, काकू? चांगल्या शब्दांत सांगितलं त्यांनी. बाबांनी मनावर घेतलंय, पण त्यांना दोष देत नाहीत."

कुमुदताई त्या दिवशी सर्दीने घरी होत्या. मी मंडळ जोशीबाईंवर सोपवलं आणि पाखाडी उतरले. त्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, आहे तसं. मला दुसरं येत नाही.

त्यांचा हात सुपावर थांबला. "मी जा म्हटलं नाही. येतो म्हणा म्हटलं."

"तुम्ही निघतानाचं म्हणालात. त्यांनी नाशिकचं विचारलं होतं."

त्यांनी सुपातले तांदूळ एकदा खालीवर केले. मग म्हणाल्या, "पायरीवर उभं राहून? चपला घालून? असं विचारतात? चपला घातलेला माणूस जाऊ का म्हणतो, तेव्हा तो घरी जाऊ का म्हणतो. मला कसं कळणार गो?"

"नसेल कळलं. आता कळलं ना? फोन करा. नंबर आहे माझ्याकडे."

"नको."

"एका फोनचं काम आहे, ताई. तुमचंच म्हणणं."

"ते पुस्तकातल्या पोरींना. त्यांना पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं, एकदा चुकीचं बोलल्या तरी चालतं." त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "त्यांनी नीट विचारावं. मी आहे इथेच. मागणी आल्याशिवाय मी नंबर लावत नाही."

"मग मी लावते."

"नाही लावायचास. माझी शपथ आहे तुला."

मी शपथा मानत नाही. पण ती त्यांची मागणी होती, आणि त्यांच्या वयाच्या बाईच्या वतीने असली गोष्ट दुसऱ्या कोणी बोलायची नसते, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्या वाट पाहत राहिल्या. नंतर विद्याकडून कळलं की तिकडे विचारेही घरात फोन वाजला की स्वतः उठून घेत. नकार मिळालेल्या माणसाने पुन्हा विचारणं त्यांना बरं वाटत नव्हतं. दिवाळी गेली. थंडी आली, आंब्याला मोहोर आला. कुमुदताई बुधवारी यायच्या, पण पुस्तक तक्रारीशिवाय टेबलावर ठेवायच्या. जोशीबाईंना ते सहन होईना.

"कुमुद, या बाईचं काय चुकलं ते सांग की."

"काही नाही चुकलं. बरी आहे."

"ही तर तीनदा पडते. मी वाचलं मुद्दाम."

"पडली असेल. पाय सरकतो कोणाचाही."

शिमग्याच्या सुमारास विद्याचा मला फोन आला. विचाऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी पुन्हा पाखाडी उतरले. कुमुदताईंनी ऐकून घेतलं, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "नंबर सांग."

मी सांगितला. त्यांनी आकडा आकडा परत म्हणून दाखवला आणि फिरवला. पलीकडून उचलल्यावर त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. बोर्डावरचा असणार.

"रत्नागिरीहून बोलतेय. कुमुद नागवेकर. पी. पी. कॉल आहे, विचाऱ्यांसाठी."

पी. पी. कॉल म्हणजे नाव घेतलेल्या माणसालाच बोलवायचं, दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही. विद्याला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ती सांगत होती की बाबा बोलू शकत नाहीत. मला तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"ठाऊक आहे. त्यांच्या कानाला लाव."

मग त्यांनी डोळे मिटले आणि ऐकलं. "लाइन चालू आहे," त्या मला म्हणाल्या. "श्वास ऐकू येतोय." आणि परदेशी लाइनवर बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने बोलल्या, "विचारे, मी जा म्हटलं नव्हतं. निघताना येतो म्हणावं, एवढंच म्हटलं. तुम्ही काय विचारलंत ते मला कळलं नाही. कळलं असतं तर राहा म्हटलं असतं. ऐकू येतंय का?"

त्या थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "राहा म्हटलं असतं."

पुन्हा थांबल्या. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. शेवटी त्यांनी हळू विचारलं, "जेवलात?" आणि उत्तराला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ देऊन रिसीव्हर खाली ठेवला.

त्यानंतर त्या नाशिकला गेल्या. तिकीट मी काढून दिलं, सोबतीला त्यांच्या भाच्याला पाठवलं, गोळ्या, पाणी, विद्याचा पत्ता, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत दिलं. त्या दोन दिवसांत परत आल्या. मी गेले तेव्हा पिशव्या पडवीत तशाच होत्या.

"ओळखलं?" मी विचारलं.

"ओळखलं. तोंड फिरवलं, भिंतीकडे."

"आजारी माणूस आहे, ताई."

"रागावलाय तो. रागवायलाच हवं. एवढे महिने."

"पण तुम्ही फोनवर सांगितलंत की सगळं."

"सांगितलं. तिथे गेल्यावर परत सांगितलं. जवळ बसून, हात धरून." त्या पिशवीचा बंद सोडू लागल्या, मग सोडायचा राहिला. "विद्या म्हणाली, काकू, डॉक्टर म्हणतात त्यांना बोललेलं आता कळत नाही. आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. आधी कळायचं. झटक्याआधी."

राहिलेला बंद मी सोडला.

"त्या दिवशी नंबर मागितला असता तुझ्याकडे," त्या म्हणाल्या, "तर कळलं असतं."

पाऊस संपता संपता विचारे गेले. विद्याने मला कळवलं, मी कुमुदताईंना. त्या "बरं" म्हणाल्या. रडल्या असतील तर माझ्यासमोर नाही. समाचाराला कोणी त्यांच्याकडे जाणार नव्हतं. नातं काही नव्हतं. जोशीबाई मात्र गेल्या. गुडघे धरत पाखाडी उतरल्या, तासभर बसल्या. दोघी एकदाही भांडल्या नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं.

पुढच्या बुधवारी कुमुदताई आल्या. वरच्या खोलीत न येता खाली देवघेवीच्या टेबलाशीच उभ्या राहिल्या. मी खाली गेले, जोशीबाईही माझ्या मागोमाग उतरल्या. कुमुदताईंनी घरातली उरलेली पुस्तकं पिशवीतून काढून ठेवली. लंडनवाली, घटस्फोटवाली.

"आता या नकोत," त्या म्हणाल्या.

"मग काय देऊ?"

"खुनाचं काहीतरी दे."

"कुमुद, तू आणि खून?" जोशीबाई हसवायला म्हणाल्या.

"त्यात शेवटी चुकलं कोणाचं ते कळतं, बाई," कुमुदताई म्हणाल्या. "आणि ते एकाचंच असतं."

मी एक जाड पुस्तक काढून दिलं, कार्डावर लिहिलं. जोशीबाई सोबत येते म्हणाल्या, त्यांना कुमुदताई नको म्हणाल्या. काही वेळाने मी वरच्या खिडकीतून पाहिलं, तर त्या समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर पिशवी टेकवून उभ्या होत्या. पुस्तक उघडलं होतं. एक रिक्षावाला शेजारी येऊन थांबला. त्यांनी मान वर न करता हातानेच त्याला पुढे जायला सांगितलं, आणि पान उलटलं.